सुकाणू, गव्हर्नर आणि सायबर : इंग्रजीत शिरलेले ग्रीक नौकाशब्द

इंजिनखोली

नमस्कार. व्यापारी जहाजांवर इंजिनिअर म्हणून माझी २८ वर्षे गेली. त्या काळात जे शब्द दिवसातून शंभर वेळा तोंडी येत, त्यांचा माग निवृत्तीनंतर काढू लागलो आणि त्यातला एक शब्द मला अजून सोडत नाही. तो शब्द म्हणजे ‘गव्हर्नर’.

जहाजाच्या मुख्य इंजिनाला गव्हर्नर नावाचे एक यंत्र जोडलेले असते. समुद्र खवळला की मागची बाजू लाटेवर उचलली जाते, प्रोपेलर पाण्याबाहेर येतो आणि त्याच्यावरचा भार क्षणात नाहीसा झाल्यामुळे इंजिन बेफाम धावू लागते. अशा वेळी माणसाचा हात पोहोचण्याच्या आत गव्हर्नर इंधन कमी करतो, आणि प्रोपेलर पुन्हा पाण्यात गेला की ते परत वाढवतो. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, त्याचेच हे पुढचे रूप. राज्याचा गव्हर्नर, रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर आणि आमच्या इंजिनाचा गव्हर्नर यांचे नाव एकच असावे, याचे मला तरुणपणी नवल वाटे. त्याचे उत्तर जहाजावरच होते, हे मात्र फार उशिरा कळले.

ग्रीक भाषेत ‘कुबेर्नान’ म्हणजे नाव हाकणे, आणि सुकाणू धरणारा तो ‘कुबेर्नेतेस’. रोमनांनी हे क्रियापद ग्रीकांकडून उसने घेतले आणि त्याचे ‘गुबेर्नारे’ केले. फ्रेंचमधून ते इंग्रजीत आले आणि त्यातून गव्हर्न, गव्हर्नर, गव्हर्नमेंट हे सारे कुटुंब उभे राहिले. प्राचीन ग्रीक युद्धनौकेवर, म्हणजे तीन रांगांत वल्ही असलेल्या त्रिएरेसवर, सुमारे २०० माणसे असत. त्यांपैकी १७० वल्हेकरी, पुढच्या टोकाला पाण्यावर नजर ठेवणारा एक, वल्ह्यांना ताल देणारा एक, आणि मागे दोन मोठ्या सुकाणू-वल्ह्यांपाशी कुबेर्नेतेस. नावेला गती देणारे १७० आणि दिशा देणारा एक. राज्यकारभाराला ग्रीकांनी याच माणसाची उपमा का दिली असेल, हे नावेत बसलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या सहाव्या भागात असे एक जहाज रंगवले आहे. त्यावरचे खलाशी सुकाणूसाठी आपसांत भांडतात, नाव हाकण्याची विद्या शिकण्यासारखी नसतेच असे म्हणतात, आणि ज्याला ऋतू, वारे आणि तारे यांचे खरे ज्ञान आहे त्याला आकाशाकडे बघत बसणारा निरुपयोगी माणूस ठरवतात.

नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने १९४८ मध्ये प्राणी आणि यंत्रे यांच्यातील नियंत्रण व संदेशवहन यांच्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिले, तेव्हा तो थेट मूळ ग्रीक शब्दाकडे गेला. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये गव्हर्नरांवर लिहिलेल्या निबंधाचा मान राखावा, हा त्याचा एक हेतू होता. दुसरे कारण त्याने असे दिले की, चुकीची नोंद घेऊन स्वतःला दुरुस्त करणाऱ्या यंत्रणांमध्ये जहाजाचे सुकाणू फिरवणारी यंत्रे सर्वांत आधीच्या आणि सर्वांत विकसित यंत्रणांपैकी होती. त्याच्याही आधी, १८३४ मध्ये, आंपेअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने राज्य चालवण्याच्या विद्येला हेच नाव सुचवले होते. वीनरच्या शब्दाचे पुढचे अर्धे अंग तोडून ‘सायबर’ झाले आणि आज अनेक शहरांत सायबर पोलीस ठाणे आहे. सुकाणू धरण्याच्या कलेचा शब्द गुन्ह्याच्या नावाला जाऊन चिकटला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

धागा काढण्याचे खरे कारण पुढे आहे. मराठीने ग्रीकांना न विचारता हेच केले. संस्कृतात ‘कर्ण’ म्हणजे सुकाणूही, आणि ते धरणारा तो कर्णधार. आज आपण क्रिकेट संघाच्या नायकाला कर्णधार म्हणतो, तेव्हा नावेची आठवण कोणालाही होत नाही. ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून आला आणि एखाद्या संमेलनाची किंवा आंदोलनाची दिशा ठरवणारी मंडळी ती सुकाणू समिती. एकाच कल्पनेसाठी एक शब्द संस्कृतातून आला, दुसरा अरबांच्या गलबतांवरून, आणि दोन्ही नावेतून उतरून सभागृहात जाऊन बसले. आपल्याला ठाऊक असलेले असे नौकाशब्द इथे लिहावेत, ही विनंती.

गोदातीर

लेख अतिशय आवडला. मात्र एक मुद्दा राहिला असे वाटते. ‘नेव्हिगेशन’ हा शब्द संस्कृत ‘नवगति’वरून आणि ‘नेव्ही’ हा ‘नौ’वरून आला आहे, असे मी लहानपणापासून वाचत आलो आहे आणि आमच्या शाळेच्या एका स्मरणिकेतही ते छापले होते. मग श्रेय ग्रीकांना आणि रोमनांना का द्यायचे?

कोशवाचक

गोदातीर, आपला प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

‘नवगति’ असा नौकानयनाच्या अर्थाचा शब्द संस्कृत ग्रंथांत आढळत नाही, आणि व्याकरणानेही तो जमत नाही, कारण ‘नव’ म्हणजे नवा किंवा नऊ, नाव नव्हे. ‘नेव्हिगेशन’ लॅटिन ‘नाविगारे’वरून आला आहे. त्याची फोड ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणे अशी आहे. यातला खरा आनंद पुढे आहे. ‘नाविस’चे संस्कृत भावंड ‘नौ’ आणि ‘आगेरे’चे संस्कृत भावंड ‘अज्’ हा हाकण्याच्या अर्थाचा धातू. म्हणजे शब्दाची दोन्ही अंगे संस्कृतची नातलग आहेत, पण ज्या ‘गति’चा आधार घेतला जातो ती मात्र या घरातली नाही. ‘गति’ ‘गम्’ धातूची, आणि तिचे इंग्रजी भावंड शोधायचे तर ते ‘कम’ हे साधे क्रियापद आहे.

ग्रीक ‘नाउस’, लॅटिन ‘नाविस’ आणि संस्कृत ‘नौः’ ही तीन भावंडे आहेत, त्यांपैकी कोणी कोणाचे अपत्य नाही. याचा पुरावा केवळ कानाला सारखे वाटण्यात नसून विभक्तीच्या रूपांत आहे. संस्कृतात ‘नौ’ची षष्ठी ‘नावः’ होते. ग्रीकमध्ये होमरच्या काव्यात तिचे रूप ‘नेओस’ दिसते आणि त्याचे आधीचे रूप ‘नावोस’ होते. ग्रीक भाषेने पुढे ‘व’ हा उच्चारच टाकून दिला, म्हणून तो मधून गळला. एकाच शब्दाची रूपे दोन भाषांत अशी पायरीपायरीने जुळतात, तेव्हा नाते रक्ताचे असते, उधारीचे नसते. ऋग्वेदातल्या ‘जातवेदसे’ या ऋचेत अग्नीने आम्हांला संकटांतून ‘नावेव सिन्धुम्’, म्हणजे नावेने नदी पार करावी तसे, पार न्यावे अशी प्रार्थना आहे. दुर्गासूक्त म्हणणारे अनेक जण हा शब्द नियमाने उच्चारतात.

मग श्रेय कोणाचे, हा प्रश्न उरतो. मूळ कोणाचे आणि शब्द कोणत्या वाटेने आला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीने ‘नॉटिकल’ ग्रीकांकडून लॅटिनमार्गे घेतला, ‘नेव्ही’ लॅटिनकडून फ्रेंचमार्गे घेतला, आणि आपल्या किनाऱ्यावरूनही तिने शब्द घेतले आहेतच. ‘कॅटामरान’ तमिळ ‘कट्टुमरम्’वरून, म्हणजे एकत्र बांधलेल्या ओंडक्यांवरून, आला आणि ‘डिंगी’ ही बंगाली-हिंदी डोंगी किंवा डेंगी आहे. ही उधारी कोशांत उघड नोंदवलेली आहे. खरे देणे इतके स्वच्छ असताना खोट्या देण्याची गरज नाही.

गोदातीर

धन्यवाद. ‘अज्’चा मुद्दा मला अगदी नवा होता. स्मरणिकेचे काम आता माझ्याकडेच आहे, त्यामुळे पुढच्या अंकात ही दुरुस्ती सविस्तर छापण्याची जबाबदारी मी घेतो. एक उपप्रश्न विचारतो. आमच्याकडे ‘नाखवा’ हा शब्द केवळ कोळीगीतांतून ठाऊक आहे. तोही याच घरातला आहे का?

कोशवाचक

होय. फारसी ‘नाखुदा’ म्हणजे ‘नाव’ आणि ‘खुदा’, अर्थात नावेचा धनी. फारसीतली ‘नाव’ ही त्याच मूळ कुळातली असल्यामुळे ‘नाखवा’ आणि ‘नॉटिकल’ ही दूरची भावंडे ठरतात. उलट इंग्रजी ‘रडर’ म्हणजे सुकाणू आणि ‘रो’ म्हणजे वल्हवणे, हे शब्द इंग्रजीने कोणाकडून उसने घेतलेले नाहीत. ते तिच्या जर्मानिक घरातलेच आहेत आणि संस्कृत ‘अरित्र’ म्हणजे वल्हे, याचे नातलग आहेत.

पाऊलवाट

‘नॉशिया’ हा शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नेहमी दिसतो. तोही जहाजाचाच आहे, असे कुठे तरी ऐकले होते. आमची आजी मुंबईहून बोटीने गोव्याला जात असे आणि ‘मला बोट लागते’ असे म्हणत असे. पुढे तीच तक्रार तिने एस. टी.बाबतही केली, तेव्हा ‘गाडी लागते’ झाले.

इंजिनखोली

पाऊलवाट, आपल्या आजींनी ग्रीकांचाच शब्द मराठीत उच्चारला, असे म्हणता येईल. ‘नाउसिया’ म्हणजे अक्षरशः जहाजाचे दुखणे, ‘बोट लागणे’. लॅटिनमध्ये येईपर्यंत त्याचा अर्थ पसरून कोणतीही मळमळ असा झाला आणि आज गर्भारपणातल्या किंवा औषधाने होणाऱ्या मळमळीलाही तोच शब्द वापरतात. मराठीने मात्र वाहन बदलले की शब्दही बदलला, त्यामुळे आपल्याकडे बोट कधी विसरली गेली नाही. इंग्रजी ‘नॉइज’ हाही याच ‘नॉशिया’चा वंशज आहे असे पुष्कळ कोश मानतात, तर काही अभ्यासक तो लॅटिनमधल्या अपायवाचक शब्दाकडे नेतात. आजारी प्रवाशांनी भरलेल्या तळमजल्याचा गोंगाट मी ऐकला आहे, म्हणून माझे मन पहिल्या बाजूला झुकते. अर्थात हा पुरावा नव्हे.

‘नाउतेस’ म्हणजे नाविक. आर्गो नावाच्या जहाजातून सोनेरी लोकरीच्या शोधात गेलेले वीर ते आर्गोनॉट. फ्रेंचांनी १७८३ मध्ये फुगे आकाशात सोडले आणि त्यांतून जाणाऱ्याला ‘एरोनॉट’ म्हटले. पुढे ताऱ्यांचा नाविक तो ॲस्ट्रोनॉट आणि विश्वाचा नाविक तो कॉस्मोनॉट. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोव्हिएत यानातून गेले, म्हणून वर्तमानपत्रांत ते कॉस्मोनॉट झाले. भारतीय अंतराळवीरांसाठी ‘व्योमनॉट’ असा अर्धा संस्कृत, अर्धा ग्रीक जोडशब्द काही काळ चालला होता. गगनयान मोहिमेच्या निमित्ताने ‘गगनयात्री’ रुळू लागला आहे. तो शब्द सुंदर आहे, परंतु त्यात यात्रेकरू आहे, नाविक नाही, ही खंत मला वाटते. यान चालवणाऱ्या माणसाला नुसता यात्री म्हणणे माझ्यासारख्या जहाजी माणसाला अपुरे वाटते.

अस्थितज्ज्ञ

मी हाडांचा डॉक्टर आहे. आमच्या विषयात नावा जागोजागी आहेत.

तळहातावर पडल्यावर मनगटातले जे लहान हाड सर्वांत जास्त वेळा मोडते, ते स्कॅफॉइड. ग्रीक ‘स्काफे’ म्हणजे खोलगट होडी, आणि त्या आकाराचे म्हणून हे नाव. पायात तशाच आकाराचे हाड आहे, त्याला लॅटिन नावेवरून ‘नॅव्हिक्युलर’ म्हणतात. शिकताना दोन नावांचा उगीच त्रास वाटत असे. एक ग्रीक होडी हातात आणि एक लॅटिन होडी पायात, असे एकदा समजल्यावर ते विसरणे अशक्य झाले. याच ‘स्काफे’पासून ऑग्यूस्त पिकारने आपल्या खोल समुद्रात जाणाऱ्या यानाला ‘बाथिस्काफ’ असे नाव दिले. त्याचे ‘त्रिएस्ते’ हे यान २३ जानेवारी १९६० रोजी दोन माणसांना घेऊन मारियाना गर्तेच्या तळाशी टेकले.

‘अँकर’ म्हणजे जहाजाचा नांगर, तो ग्रीक ‘आंकुरा’. त्याच्या मुळाशी वाकडेपणाची कल्पना आहे. तिच्यातूनच वाकडा या अर्थाचा ‘आंकुलोस’ आला, आणि पाठीचा कणा आखडून वाकवणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या आजाराचे नावही त्यावरूनच पडले. आपले ‘अंक’ आणि ‘अंकुश’ यांचे मूळ तेच. तुर्कस्तानची राजधानी अंकारा समुद्रापासून कितीतरी दूर आहे, पण तिचे प्राचीन नाव ‘आंकुरा’ असल्यामुळे तिथल्या जुन्या नाण्यांवर नांगर कोरलेला असे.

शेवटचा शब्द मला सर्वांत प्रिय आहे. ग्रीक ‘हिस्तोस’ म्हणजे उभी केलेली वस्तू. जहाजावर ती डोलकाठी आणि घरात तो उभा हातमाग. होमरच्या काव्यात ओडिसिउस सायरनांचे, म्हणजे खलाशांना भुरळ घालणाऱ्या पुराणकथेतल्या गायिकांचे, गाणे ऐकण्यासाठी स्वतःला ‘हिस्तोस’ला बांधून घेतो आणि इथाकात पेनेलोपे वीस वर्षे त्याची वाट पाहताना ‘हिस्तोस’वर कापड विणते आणि उसवते. नवराबायकोचे दोन खांब, शब्द एकच. मागावरून अर्थ विणलेल्या कापडाकडे सरकला आणि शरीराच्या विणीचे शास्त्र ते हिस्टॉलॉजी झाले. मराठीत त्या विणीला आपण ‘ऊती’ म्हणतो. संस्कृत ‘ऊति’चा एक अर्थ विणणे असाच आहे. हा शब्द ज्यांनी मराठी शास्त्रपरिभाषेत आणला, त्यांना मूळ ग्रीक कल्पना नेमकी ठाऊक असली पाहिजे.

कोशवाचक

डॉक्टर, ‘हिस्तोस’ची जोडी अप्रतिम आहे. ती संस्कृत ‘स्था’ धातूच्या कुळातली, म्हणजे ‘स्तंभा’सारखी उभी राहिलेली वस्तू.

आपल्या पोस्टमुळे एक उलट उदाहरण आठवले. ग्रीकमध्ये ‘केराइया’ म्हणजे शिंगासारखी पुढे आलेली वस्तू. डोलकाठीवर आडवी बांधून जिला शीड लावतात ती काठीही केराइया, आणि ॲरिस्टॉटलने किड्यांच्या मिशांसाठीही हाच शब्द वापरला. १५ व्या शतकात तेओदोरस गाझा या विद्वानाने ॲरिस्टॉटलचे प्राणिविषयक ग्रंथ लॅटिनमध्ये आणले, तेव्हा त्याने या मिशांसाठी शिडाच्या काठीचा लॅटिन शब्द निवडला. तो शब्द ‘अँटेना’. म्हणजे झुरळाची मिशी आणि घराच्या गच्चीवरचा दूरदर्शनचा अँटेना या दोहोंच्या मागे एका भाषांतरकाराने पाहिलेले शिडाचे जहाज उभे आहे. शब्द लॅटिन, पण त्याला हा अर्थ ग्रीकने दिला.

रानवाट

वनस्पतिशास्त्रातून एक भर घालते. ग्रीक ‘किंबे’ म्हणजे होडी किंवा वाटी. आपल्या परसातल्या गवती चहाचे शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन सिट्रेटस. त्यातला ‘पोगॉन’ म्हणजे दाढी, आणि पूर्ण अर्थ होडीतली दाढी. या गवताच्या फुलोऱ्यात होडीच्या आकाराची पाने असतात आणि त्यांतून केसाळ कणिसे बाहेर डोकावतात. घरी लावलेल्या गवती चहाला फुलोरा क्वचितच येतो, म्हणून ही होडी बहुतेकांनी पाहिलेली नसते. सह्याद्रीतल्या झाडांच्या खोडांवर वाढणारे सिंबिडियम हे ऑर्किडही तेच नाव सांगते, आणि तिथे मात्र फुलाच्या ओठाचा खोलगट आकार सहज दिसतो.

मेघसंगणक

इंजिनखोली काका, आपला ‘कुबेर्नेतेस’ माझ्या रोजच्या कामात आहे. गूगलने २०१४ मध्ये खुली केलेली ‘कुबरनेटिस’ ही संगणकप्रणाली हजारो सर्व्हरांवर चालणाऱ्या कार्यक्रमांची मांडणी करते. ते कार्यक्रम ज्या बंदिस्त पुडक्यांत भरलेले असतात त्यांना ‘कंटेनर’ म्हणतात. ही उपमा मालवाहू जहाजांवरच्या लोखंडी पेट्यांची आहे. ते भरण्याच्या प्रसिद्ध साधनाचे नाव ‘डॉकर’ म्हणजे गोदीतला कामगार, आणि कुबरनेटिसवर कार्यक्रम बसवण्याच्या साधनाचे नाव ‘हेल्म’ म्हणजे सुकाणूचा दांडा किंवा चाक. कुबरनेटिसच्या चिन्हात सात आऱ्यांचे सुकाणूचे चाक आहे. आमच्या पुण्याच्या कचेरीत हा शब्द दिवसभर उच्चारला जातो, पण त्याचा अर्थ मी आज प्रथमच वाचला.

आपल्या इंजिनाच्या गव्हर्नरचे वर्णन वाचून तर मी थक्क झालो, कारण कुबरनेटिसही तेच करते. एखाद्या कार्यक्रमाच्या किती प्रती चालू असाव्यात हे आपण सांगायचे, आणि किती चालू आहेत हे पाहून ती फरक भरून काढत राहते. एखादा सर्व्हर बंद पडला की तिथल्या प्रती ती दुसरीकडे उभ्या करते.

इंजिनखोली

मेघसंगणक, हे मला ठाऊक नव्हते. वीनरने नेमके हेच सांगितले होते. काय हवे आणि काय आहे यांतले अंतर मोजायचे आणि त्या अंतराच्या विरुद्ध दिशेने हात फिरवायचा. सुकाणूवरचा माणूस होकायंत्राकडे पाहून दुसरे काही करत नाही. आपण सांगितलेले नाव ठेवणाऱ्याला ग्रीक शब्द नुसता सजावटीसाठी नको होता, असे दिसते.

‘पायलट’ही इथेच लिहितो, कारण तो याच माणसाचा धाकटा भाऊ आहे. ग्रीक ‘पेदोन’ म्हणजे सुकाणूच्या वल्ह्याचे पाते. त्यावरून मध्ययुगात सुकाणू धरणाऱ्याला जे नाव पडले, ते इटालियनमध्ये ‘पेदोता’ आणि मग ‘पिलोता’ झाले, असे बहुतेक कोश मानतात. बंदराच्या तोंडाशी छोट्या लाँचमधून येऊन दोरीच्या शिडीने जहाजावर चढणारा आणि आमचे जहाज गोदीपर्यंत नेणारा पायलट हा या शब्दाचा जुना आणि खरा मालक. विमानातला पायलट त्याच्यानंतर आला.

ताम्रपट

आपल्या किनाऱ्याचा थेट संबंध येतो तो ‘एम्पोरियम’ या शब्दाशी. हातमागाच्या दुकानांच्या पाट्यांवर तो सर्रास दिसतो. ग्रीक ‘एम्पोरोस’ म्हणजे आधी दुसऱ्याच्या जहाजातून जाणारा प्रवासी. पुढे प्रवास करतो तो व्यापारासाठीच, म्हणून त्याचा अर्थ व्यापारी झाला आणि त्याच्या पेठेला ‘एम्पोरिऑन’ म्हणू लागले.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘एरिथ्रियन समुद्राचा (म्हणजे तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर यांचा) पेरिप्लस’ हे लहानसे पुस्तक लिहिले. ‘पेरिप्लस’ हाही नौकाशब्दच आहे. ‘पेरि’ म्हणजे भोवती आणि ‘प्लूस’ म्हणजे जलप्रवास. त्याचा धातू संस्कृत ‘प्लु’ म्हणजे तरंगणे, याचा सख्खा भाऊ आहे. या पुस्तकात भडोच हे ‘बारिगाझा’ म्हणून येते आणि त्याच्या दक्षिणेला सुप्पारा, काल्लिएना आणि सेमिल्ला ही पेठांची नावे ओळीने येतात. ही आपली सोपारा, कल्याण आणि चौल. पैठण आणि तेर यांचा माल गाड्यांवरून बारिगाझाला जाई. पैठण तिथून २० दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्याच्या पूर्वेला आणखी १० दिवसांवर, असा हिशेब लेखकाने दिला आहे. कल्याणबद्दल तो लिहितो की, पूर्वी ती रीतसर पेठ होती, परंतु सत्ता बदलल्यावर तिच्यावर निर्बंध आले आणि तिथे पोहोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात बारिगाझाला नेली जात.

माझ्या दृष्टीने त्यातला सर्वांत मोलाचा भाग वेगळा आहे. बारिगाझाच्या खाडीचे तोंड अवघड होते. उथळ वाळू आणि भरतीचा प्रचंड वेग यांमुळे परके जहाज तिथे फसे. म्हणून राजाच्या सेवेतले स्थानिक कोळी आपल्या लांब होड्या घेऊन किनाऱ्याने पुढे जात आणि जहाजांना वाट दाखवत, गरज पडल्यास वल्हवून ओढत आत आणत. त्या होड्यांची नावे लेखकाने ‘त्रप्पगा’ आणि ‘कोतिंबा’ अशी दिली आहेत. इंजिनखोली यांनी वर्णिलेला बंदराचा पायलट हा त्या काळी आपल्या किनाऱ्यावरचा कोळी होता, आणि ग्रीक लेखकाने त्याच्या होडीचे नाव ग्रीकमध्ये न बदलता त्याच्याच तोंडचे लिहून ठेवले.

खाडीकाठ

मी वसईच्या ख्रिस्ती कुटुंबातला आहे. मराठी बायबलमध्ये ‘प्रेषित’ हा शब्द आहे, इंग्रजीत ‘अपॉसल’. ग्रीक ‘अपोस्तोलोस’ म्हणजे पाठवलेला, हे चर्चमध्ये शिकवले होते. परंतु नव्या कराराच्या आधीच्या अथेन्समध्ये, डेमोस्थेनिसच्या भाषणांत, हाच शब्द मोहिमेवर पाठवलेल्या आरमारासाठी येतो, हे नंतर वाचनात आले. संत थॉमस समुद्रमार्गे भारतात आले अशी आमची परंपरा सांगते, त्यामुळे शब्दाचा हा जुना अर्थ मला विशेष जवळचा वाटतो.

तांडेल

सर्वांचे लेखन दोन वेळा वाचले. आमची रत्नागिरीकडे मासेमारीची बोट आहे आणि वडिलांनंतर तांडेलपण, म्हणजे बोटीचे प्रमुखपण, माझ्याकडे आले. सध्या १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी असल्याने वाचायला वेळ आहे.

ताम्रपट यांनी लिहिलेला भाग वाचून अंगावर काटा आला. आमच्या खाडीच्या तोंडाशीही वाळूचा दांडा दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. बंदी उठल्यावर पहिली बोट बाहेर काढायची, तेव्हा ओहोटीला लहान होडीने जाऊन काठीने पाणी चाचपून यावे लागते. मोबाइलवरच्या नकाशात तो दांडा मागच्या वर्षीच्याच जागी दिसतो. बाहेरगावची बोट वादळात आसऱ्याला आली तर आमच्यातला कोणीतरी पुढे जातो आणि ती त्याच्या मागोमाग आत येते. या कामाला आमच्याकडे वेगळे नाव नाही, कारण ते कोणीही कोणासाठीही करतो.

इंजिनखोली काकांनी १७० वल्हेकरी आणि एक सुकाणूवाला असे लिहिले, त्याबद्दल अनुभवाचे दोन शब्द सांगतो. माझ्या आजोबांच्या काळी शिडाची होडी होती आणि सुकाणूचा दांडा हातात असे. पाण्याचा जोर त्या दांड्यातून थेट तळहाताला कळे, असे ते सांगत. वडिलांच्या काळात इंजिन आले आणि माझ्याकडे चाक, जीपीएस आणि मासे शोधणारे यंत्र आहे. तरीही रात्री झोपेतून उठलेला खलाशी पहिल्यांदा ‘चाकावर कोण आहे’ असे विचारत नाही. तो ‘सुकाणूवर कोण आहे’ असेच विचारतो, आणि नाव ऐकल्यावर पुन्हा झोपायचे की जागे राहायचे, हे ठरवतो.